मामांच्या रक्तातला सोडा

पृथ्वीवरच्या यच्चयावत दुखण्यांचं मूळ पाण्याचा निचरा न होण्यात आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला. वडगाव रासाईला भीमेच्या काठी त्यांची उसाची जमीन. पाणी पिऊन पिऊन तिच्यावर पांढरा क्षार फुटला, माती चोपण होऊन बसली, तेव्हा मामांनी चर खोदून, जिप्सम टाकून ती पुन्हा पिकती केली. एवढ्या पराक्रमावर दुसरा एखादा आमदारकीला उभा राहिला असता. मामा फक्त कायमचे निचऱ्याचे झाले. लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी मांडवाचा उतार बघत. सोसायटीच्या सभेत शाली-नारळ तासभर चालल्यावर चेअरमननी उदार मनाने "कुणाला काही विचारायचंय का?" असं म्हटलं, तेव्हा मामा उठून म्हणाले, "हितलं सांडपानी कुठं जातंय?" एकदा मी सहज डोकं दुखतंय म्हणालो, तर त्यांनी माझ्या कानांकडे अशा नजरेनं पाहिलं की तिथूनच चर काढायचा विचार दिसत होता.

अशा माणसाच्या पायांवर सूज आली. दौंडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मामांना, मामींना व शिकलेला म्हणून बरोबर नेलेल्या मला समोर बसवलं. मूत्रपिंडं बरीच थकली होती, आणि त्यामुळे रक्तात आम्ल थोडं वाढलं होतं. मीठ कमी करायचं आणि सोड्याच्या गोळ्या घ्यायच्या. तसं केलं तर पुण्याला जाऊन मशीनवर रक्त धुवायची वेळ कदाचित लांबेल.

"आम्ल म्हंजी ॲसिडिटी?" मामा म्हणाले. "मला तर ढेकरसुदिक येत न्हाई."

"ती पोटातली. हे रक्तातलं."

"आन् मीठ खाऊ नगा म्हनता, सोडा खावा म्हनता. दोन्ही खारंच की वं!"

डॉक्टरांनी नीट समजावलं. मामांनी मान डोलावली, मीही डोलावली. बाहेर आल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं, की ते नक्की काय म्हणाले.

जन्मभर ज्या क्षाराला रानातून हुसकलं, तोच आता आपणहून पोटात घालायचा, हे मामांना पटेना. त्यांनी त्यांच्या पद्धतीनं खात्री करून घेतली. मला निरोप देऊन बोलावलं आणि घरामागच्या मेथीच्या वाफ्यापाशी नेलं. एका कोपऱ्यावर पापुद्रा धरला होता आणि तिथली मेथी पिवळी पडून माना टाकून बसली होती. गोळ्या पाण्यात विरघळवून त्यांनी रोज तिला पाजल्या होत्या.

"बघा जावईबापू. मेथीची ही गत. मग माज्या रक्ताची काय हुईल?"

मी आदल्याच आठवड्यात एक जाडजूड वैद्यकीय पुस्तक चाळलं होतं, त्यामुळे उत्साहानं बोलायला लागलो. रक्त मुळातच किंचित अल्कधर्मी असावं लागतं, जमिनीचं निराळं, असं सांगता सांगता मध्येच कुठंतरी आपण रक्ताबद्दल बोलतोय की जमिनीबद्दल, हे माझंच मला कळेनासं झालं. मामा सहानुभूतीनं ऐकत होते.

"मेथी मेली," मामी दारातून म्हणाल्या. "आता गोळ्या न घेता तुमी मरा. म्हंजी परयोग पुरा."

मामा मेथीची जुडी, मुळांच्या मातीसकट, पिशवीत घालून दौंडला गेले आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. मला वाटलं डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत.

"मामा, आपण जेवतो त्यातून रोज थोडं आम्ल तयार होतं. ते मूत्रपिंड बाहेर टाकतं. तुमचं आता पुरतं टाकत नाही. साठतं, त्याला हा सोडा मारतो."

"म्हंजी चर बुजलाय."

"बुजलाय."

"मग उकरा की!"

"हा उकरता येत नाही, मामा."

असं वाक्य मामांना आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी मेथीची जुडी पुन्हा पिशवीत घातली. मग म्हणाले, "पानी द्या," आणि तिथंच एक गोळी गिळली. वैऱ्याला पुढच्या दारानं घरात घ्यावं तसा चेहरा करून.

पुढे ते गोळ्या घेत राहिले. काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर कागद बघून म्हणाले, आम्ल आटोक्यात आलंय, सूजही वाढलेली नाही.

"म्हंजी बरं झालं?"

"बरं नाही. आहे तिथं थांबलंय."

"कवापतुर?"

"ते मला सांगता येणार नाही."

परतताना जीपमध्ये मामा माझ्या शेजारी बसले होते. केडगावच्या अलीकडे माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "थांबलंय म्हंजी चांगलंच की वं?" मी म्हणालो, चांगलंच. रेल्वेचं फाटक लागलं होतं. मालगाडी संपता संपेना. ती गेली, फाटक उघडलं, आणि जीप हलताना त्यांनी तेच पुन्हा विचारलं. मी पुन्हा चांगलंच म्हणालो. या वेळी थोडं मोठ्यानं, कारण माझीही खात्री नव्हती.