शेवटच्या प्रवेशातली नवरी

इस्रायलमधल्या किर्यात गातला आम्हा बेने इस्रायलींचं पुरिमच्या सणाचं नाटक वर्षानुवर्षं एकच. मुंबईहून वडीलधाऱ्यांनी सोबत आणलेला फार्स. दोन मित्र, दोघांना एकच मुलगी हवी, आणि मध्ये लुडबुड करणारी मुलीची मावशी. मावशी मी. मिशी उतरवायची, पातळ नेसायचं आणि शेवटी टोप काढून फेकायचा. लोक हॉल डोक्यावर घ्यायचे.

त्या वर्षी सैन्यातून नुकतीच सुटलेली माझी मुलगी म्हणाली, "अबा, नाटक मी नवं करते." म्हटलं, कर बाई! मराठीत विचारलं की हिब्रूत उत्तर देणारी पोर मराठी नाटकाला हात लावतेय, यातच मी खूश. शिवाय अश्केलोनचं एक कुटुंब तिला सून करून घ्यायला उत्सुक होतं. दाखवण्याचा कार्यक्रम म्हटलं की ती दार आपटते. नायिका म्हणून स्टेजवर आयतीच दिसेल, असा माझा नि बायकोचा बेत. त्या मंडळींना पहिल्या रांगेत बसवलं.

आमच्याकडे जुनी रीत अशी की प्रत्येकाने फक्त आपली नक्कल, म्हणजे आपापली वाक्यं, पाठ करायची. पूर्ण नाटक कुणी वाचत नाही. मला फॅक्टरीची शिफ्ट, त्यामुळे तालमींना अर्धामुर्धा. शेवटचा प्रवेश तर मला झोपेतही आला असता, तो काय बघायचा?

त्या प्रवेशात दोन्ही मित्र मुलीला मागणी घालायला आले, भांडले, आणि एकमेकांचा हात धरून निघून गेले. कायमचे! लोक खो-खो हसत होते आणि मी पातळात घामाघूम. सवयीने टोपाला हात घातला, तर मुलीने मनगट धरलं.

"राहू दे मावशी. तू बाई की बाप्या, हे यांना कशाला सांगायचं? तुला तरी कुठे ठरवायचंय?"

पुन्हा हशा. टोप न काढता त्या जागी मी कधी उभाच राहिलो नव्हतो. नवरीच्या बोटाला मेंदी लावून नाटक संपतं, म्हणून मी वाटी उचलली आणि माझं शेवटचं वाक्य म्हटलं, "चल गं, बोट पुढे कर. हे गेले तर दुसरा शोधू."

तिने हात पाठीमागे नेला. स्वच्छ मराठीत म्हणाली, "दुसरा नको, तिसराही नको. मला पुरुष नको, बाई नको. ती ओढ मला कधी वाटलीच नाही, मावशी. आणि मी आजारी नाहीये."

लोक टाळ्या पिटत होते. तिची हनुवटी थरथरत होती. बालवाडीच्या दारात सोडताना थरथरायची, तशीच. हे नाटक नव्हतं. माझ्या पोरीने मला भर हॉलमध्ये आपलं खरं सांगितलं होतं, आणि माझ्या नकलेत पुढे एक शब्द नव्हता.

पडदा पडला. अश्केलोनच्या मुलाची आई फुलं घेऊन स्टेजवर आली. "काय ॲक्टिंग करते हो पोरगी! आम्हाला एकदम पसंत. कधी बसायचं बोलायला?"

मुलगी तिच्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. बायको मागून डोळे वटारून मला गप्प बसायला सांगत होती. मी अजून पातळातच होतो.

"बाई," मी म्हटलं, "ती ॲक्टिंग करत नव्हती."