कातरणाचा पुठ्ठा

आजोबांनी सरकारी पागेत खोगिरं शिवली. संस्थान गेलं, घोडे गेले, घरात दाभणं तेवढी उरली. गोरवा वस्तीतल्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं, आणि शिकवणं परवडणार ते एकालाच. मार्क माझे जास्त, म्हणून कॉलेजात मी गेलो. घराण्यातला पहिला बी.एस्सी., तोही केमिस्ट्रीत. धाकटा चुलतभाऊ रमू बुटांच्या कारखान्यात चामडं कापायला बसला. गेल्या महिन्यात रमू गेला. त्याला पोचवायला आलेली माणसं बघून माझ्या मनात पहिलं आलं, माझ्या वेळी एवढी येतील का... लाज वाटते, पण खरं तेच लिहितो.

रमूच्या कारखान्यामागे रोज चामड्याचं कातरण जाळत. धुराला घाण वास. रमू त्यातली पोती घरी आणायचा. कातरण भिजवून, दळून, रबराच्या चिकात कालवून पुठ्ठा दाबायचा. पण चीक दर वेळी फाटायचा, नुसते गोळे. एका रविवारी तो माझ्याकडे आला. मी तेव्हा नंदेसरीला प्रयोगशाळेत होतो.

"दादा, दूध फाटतं तसं फाटतंय. केम? असं का होतं?"

उत्तर मला ठाऊक होतं. कमावलेल्या चामड्यात आम्ल असतं, ते आधी मारावं लागतं. एका वाक्याचं काम. पण त्याचं डोकं चालतंय हे दिसत होतं आणि तेच मला सोसवेना. म्हणालो, "आधी अकरावीची चोपडी वाच."

"वाचतो ने," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

पुढे वर्षभर त्याचे गोळेच होत राहिले. मग एका उन्हाळ्यात, दूध नासू नये म्हणून त्याची बायको सुलू त्यात सोड्याची चिमूट टाकत होती, ते यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी कातरणाच्या पाण्यात सोडा पडला. पुठ्ठा एकसंध बसला, वाकवला तरी मोडेना. पहिला तुकडा घेऊन तो माझ्याकडेच आला. माझ्या पदवीच्या फ्रेमची मागची फळी वाळवीनं खाल्लेली. तिथं त्यानं तो कापून बसवला. मी तोंडदेखलं "छान" म्हणालो.

तेराव्याला सुलू म्हणाली, "भाऊजी, ते म्हणायचे, दादाला ठाऊक होतं. सांगितलं नाही."

तरी पहिला तुकडा माझ्याकडे... पदवी अजून भिंतीवर आहे. परवा फ्रेम उतरवून उलटी केली. पुठ्ठा तसाच ताठ आहे. हेवाही गेलेला नाही.

त्या कारखान्यामागे आता कातरण जळत नाही. त्याचा पुठ्ठा दाबून बुटांचे आतले तळवे होतात. ते रमूनं केलं.