हसऱ्या मुंडक्यांची बोंगसून

सोलच्या भुयारी रेल्वेच्या दुसऱ्या लाइनचा इतिहास कुणी लिहिलाच, तर त्यात इंजिनिअर येतील, मंत्री येतील, सिमेंटसुद्धा येईल. बोंगसूनताईचं नाव काही येणार नाही. म्हणून मीच सांगते. शिनदांगच्या बाजारात मी तांदळाच्या वड्या विकायचे आणि समोरच्या दुकानात, तेच तिचं घर, ती डुकराची मुंडकी उकडायची.

कुठलंही मोठं काम काढायचं म्हटलं की आधी पूजा, आणि पूजेला डुकराचं मुंडकं. त्याच्या तोंडात नोटा खोचायच्या, तांदळाची दारू ठेवायची आणि भल्याभल्या साहेबांनी त्याच्यापुढे लोटांगण घालायचं. मुंडकं मात्र हसरं हवं, नाहीतर काम रडतखडत चाललंच म्हणून समजा. इतरांची मुंडकी व्याह्यांशी वाकडं आल्यासारखी दिसायची. ताईचं मुंडकं असं हसायचं की बघणाऱ्यालाही हसू फुटावं. उकडताना ती त्याच्या गालांत काड्या अडकवायची, तेवढं सगळ्यांना माहीत होतं. पण तिचं म्हणणं असं, की ज्या घरात भांडण चालू आहे तिथलं डुक्कर हसत नाही. म्हणून मुंडकं चुलीवर असलं की त्या दिवशी ती नवऱ्याशी भांडायची नाही. चोनबे, म्हणजे तिचा नवरा, अशा दिवसांची वाटच बघत असावा.

लाइनची पूर्वेकडची बाजू आधी सुरू झाली. चामशिलला कोबीची शेतं होती, तिथे गाडी खांबांवरून धावायला लागली. मग आमचा रस्ता उकरला. वर लोखंडी पत्रे टाकले, आणि प्रत्येक बसबरोबर माझ्या बरण्या नाचायच्या. असं तुकड्या-तुकड्यानं शहराभोवती कडं पुरं करायचं होतं. जिला शेवटचं स्टेशनच नाही, अशा गाडीतून माणसानं उतरायचं कुठे, असं मी एकदा विचारलं. ताई म्हणाली, नवरा सापडेल तिथे.

तिचा नवरा तेव्हा खरोखरच सापडत नव्हता. चोनबे दिवसभर जमिनीखाली, ड्रिल मशीनवर. घरी आला तरी गप्प. पहिल्यांदा ती विचारायची, आत काय असतं हो? तो म्हणायचा, दगड. पुढे पुढे तेवढंही बोलेना. ती चुलीपाशी पाठमोरी बसून दिवसभराचं सगळं सांगायची, आणि मागून हूं की चूं नाही. बाजारात बायकांनी आपापली मतं दिली. एक म्हणाली, दुसरी बाई असेल. ताई म्हणाली, त्या भोकात बाई चालतच नाही, म्हणून तर मलाही जाऊ देत नाहीत.

ते खरं होतं. बोगद्यात बाईनं पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर डोंगर रुसतो आणि छत खाली येतं, असं ती माणसं मानतात. तोंडाशी दोरी बांधलेली असायची. ताईनं मुंडकं दोरीपाशी आणून द्यायचं, पोरांनी ते आत न्यायचं. डुक्कर आत, बाई बाहेर. परत आल्यावर ती माझ्यापाशी जळफळायची, पण धंद्यापायी तिथे तोंड उघडत नव्हती.

सादांगच्या टेकडीतला बोगदा जवळजवळ शेवटचा. दोन्ही बाजूंची माणसं मधे भेटायची होती. त्या दिवशीच्या पूजेला चोनबेच्या मुकादमानं, पेंगनं, मुंडकं सांगितलं, वड्या माझ्याकडून. त्या दिवशी ताईनं मला साफ सांगून टाकलं, आज आत जाणार. उद्यापासून भिंतीवर सिमेंट चढेल, मग तिकीट काढून सारं शहर जाईल. "रंग लावलेलं मला काय करायचंय? माझ्या माणसाची वाचा कशानं गेली, ते मला बघायचंय."  मी वड्यांचं बोचकं पाठीला बांधलं आणि तिच्याबरोबर निघाले. 

मुकादम पेंग म्हणजे कोळशावर भाजलेल्या रताळ्यासारखा माणूस, वरून काळा, आतून मऊ. त्यानं दोरीपाशी हात आडवा केला. ताईनं मुंडक्याचं तबक खाली ठेवलंच नाही.

"आत जाऊ द्या, मुकादम."

"ताई, तुम्हाला रीत माहीत आहे. बाईमाणूस नाही चालत."

"मग हिला कशी नेता?"

"कुणाला?"

"ह्या मुंडक्याला. डुकरीण आहे ही. आजवर दिल्या तेवढ्या सगळ्या डुकरिणीच. त्यांचे गाल भरलेले असतात, म्हणून हसतात. तुम्ही इतकी वर्षं बाईपुढेच लोटांगण घालताय, आणि छत कुठे खाली आलं?"

पोरं खाली बघून हसायला लागली. पेंगनं मुंडक्याकडे निरखून बघितलं, पण तेवढ्यावरून काय कळणार! मग त्यानं मला साक्षीला घेतलं. मी म्हटलं, मी वड्या विकते, डुकरांच्या पत्रिका बघत नाही. पेंगनं बराच वेळ डोकं खाजवलं आणि दोरी वर उचलली. तिच्या मागोमाग मीही घुसले. एक चालली तर दुसरीनं काय घोडं मारलं?

आत ओल होती, दिवे होते आणि एवढा कल्लोळ, की माझं मलाच ऐकू येईना. मग मशीन थांबलं. चोनबे आमच्याकडे पाठ करून उभा होता. ताईनं हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. तिनं पुन्हा मारली, बाजारात मारते तशी. सगळी माणसं वळली, तो सोडून. तेव्हा शेजारच्यानं त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं, समोर जाऊन बोटांनी काहीतरी सांगितलं, आणि चोनबेनं मान हलवली. कुणाला त्यात काही नवल वाटलं नाही. त्यांची ती रोजचीच बोली होती.

ताईच्या हातातलं तबक मी धरलं म्हणून वाचलं.

मशीनपायी त्याचे कान गेले होते. काम जाईल म्हणून त्यानं ते साहेबांपासून लपवलं होतं, आणि तिच्यापासून लाजेपायी. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिला बघून तो दचकला, मग भिंतीकडे बोट करून ओरडूनच म्हणाला, "हा दगड फार कडक होता." तिनं त्याची धुळीनं भरलेली कानशिलं दोन्ही हातांत धरली आणि ती रडली. मीही रडले, सांगायला लाज कसली.

वर्षभरातच कडं पुरं झालं. ताईनं चूल उपटून दुकानाच्या दुसऱ्या बाजूला मांडली, म्हणजे उकडताना तोंड नवऱ्याकडे राहील. आता भांडायची ती समोरासमोर, शब्द नीट फोडून. पहिल्याच दिवशी ती त्याला आळशी म्हणाली. चोनबेनं तिच्या ओठांकडे लक्ष देऊन बघितलं, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात उलट उत्तर दिलं.