ओठ न हलवता केलेला अभ्यास

आमच्या लालबागच्या चाळीत गिरणीत बाबांच्या शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या काकांइतका संशयी माणूस दुसरा झाला नाही. दुधात पाणी असणार याची त्यांना खात्री होतीच. त्या पाण्यातही आणखी काहीतरी असणार, असं ते म्हणत. संपात गिरणी बंद पडली आणि साच्यावरचा धागा राखणारी ती नजर रिकामी झाली. मग काकांनी ती चाळीतल्या मुलांच्या अभ्यासावर लावली.

पुस्तक उघडून गप्प बसलेलं पोर म्हणजे काकांच्या लेखी रंगेहाथ सापडलेला चोर. प्रत्येकाचं डोकं वेगळ्या जागी असतं, ती जागा सापडली की अभ्यास होतो, असं त्यांचं म्हणणं. समोरच्या सुमनचं डोकं हातात, म्हणून तिने कणीक मळत सनावळ्या पाठ करायच्या. "पोळ्या मऊ झाल्या, पण पानिपत कच्चंच राहिलं," असं तिची आई सांगे. कोपऱ्यातल्या खोलीतल्या पक्याचं कानात, म्हणून त्याने सुमनचं ऐकायचं. तो ऐकता ऐकता पेंगे. मग काका त्याच्या पापणीवर फुंकर मारून खात्री करून घेत.

माझं डोकं मात्र त्यांना सापडेना. मी मनात वाचायची. काका समोर स्टूल टाकून माझ्या तोंडाकडे बघत बसत. "ओठ खंय हलतत गो तुझे? माका सगळा दिसता."

ही गंमत मला परवडणारी नव्हती. बाबांचा पगार बंद होता. दहावीच्या सहामाहीत नापास झाले तर शाळा सोडून आईबरोबर मसाल्याच्या कारखान्यात जायचं ठरलं होतं. एका संध्याकाळी काकांनी आईला सांगितलंच, "वैनी, चेडू नुसती पानां परतता." आई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मग सहामाहीपर्यंत तरी कशाला थांबायचं?"

दुसऱ्या दिवशी मी काकांना दाखवायला म्हणून नुसते ओठ हलवत इतिहास वाचू लागले. आवाज अजिबात नाही. थोड्या वेळाने काकांनी स्टूल पुढे ओढलं. "थांब. राजाक पकडल्यान कोणी?"

मी चमकले. बाबा भिंतीशी बसून हसत होते. "अगं, साचेखात्यात एवढा गोंगाट, की आम्ही एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचो. याचे तर कान त्यातच गेले."

त्या दिवसापासून काका रोज 'ऐकायला' बसू लागले. राजा सुटला का, हे कळेपर्यंत मला उठू देत नसत. सहामाहीत मी पास झाले. काकांनी प्रगतिपुस्तक उजेडाकडे धरून खाडाखोड शोधली. सापडली नाही, तेव्हा काहीशा निराशेनेच आईला म्हणाले, "वैनी, चेडवाक शाळेतसून काढू नकात."

पुढे बऱ्याच वर्षांनी, शेवटच्या आजारात काका परळच्या एका इस्पितळात होते. मी शेजारी बसून त्यांना पेपर वाचून दाखवायची, नुसत्या ओठांनी. आजूबाजूचे रोगी झोपलेले असत. एकदा त्यांच्या गिरणीचं धुराडं पाडल्याची बातमी आली. मी ती ओळ सोडून पुढचं वाचू लागले. काकांची नजर माझ्या डोळ्यांवर होती.

"मधली ओळ गाळलंस गो."

मी मागे जाऊन ती वाचली. त्यांनी मान हलवली आणि पुढे वाचायची खूण केली.

काका गेले. मी आता पुन्हा मनातच वाचते. समोर संशय घ्यायला कोणी नाही. तरी एखादी नको असलेली बातमी आली की माझे ओठ आपोआप हलू लागतात, आणि मी एकही ओळ गाळत नाही.