खरी तारीख

त्या वर्षी जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाच्या दिवाळी अंकात माझे नाव पहिल्यांदा छापून येणार होते, आणि ज्या लेखावर ते येणार होते त्याचा अर्धा भाग दुसऱ्याच माणसाच्या डोक्यात होता.

बाहेरगावचे पत्रकार येऊन कापसावर लिहून जात, ती ही वर्षे. संपादकांना वाटले, या खेपेला इथल्याच दोघांनी लिहावे. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून दारव्ह्याला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होते. बोंडाच्या आत काय चालते ते मी लिहायचे. बोंडाबाहेर, माणसांत काय चालते ते आर्णीच्या चाचांनी. चाचांचे तिथे पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवायंडिंग करून, म्हणजे नवी तार भरून देण्याचे दुकान होते. साप्ताहिकात ते अधूनमधून लिहीत, आणि लोक अंक त्यांच्याच पानापासून उघडत.

मी लेखाचा आधी सांगाडा करते, प्रत्येक भागाला शब्द वाटून देते आणि मुदतीच्या बऱ्याच आधी हात धुऊन मोकळी होते. हा गुण नव्हे. मला मुदतीची भीती फार लवकर वाटू लागते, इतकेच. चाचांना ती उशिरा वाटे, आणि वाटेपर्यंत त्यांना एक ओळही लिहिता येत नसे. ते फक्त बोलत. त्यांचा लेख मी दुकानातल्या स्टुलावर बसून कितीदा तरी ऐकला. दर वेळी वेगळा, दर वेळी आधीपेक्षा सरस. दुरुस्त होऊनही कोणी न्यायला न आलेल्या मोटारींवर तो होता. त्या भिंतीलगत छातीपर्यंत रचलेल्या असत आणि प्रत्येकीवर खडूने गावाचे नाव असे.

"एकाले म्हनलं, ने बाबा तुही मोटर," चाचा सांगत. "तं म्हने, विहिरीत पानी नाही, घरी नेऊन काय तिले गादीवर झोपवू? इथंच राहू द्या, तुमची संगत तरी आहे तिले."

"चाचा, हेच लिहा ना."

"लिहीन ना बेटा. शिजून राह्यलं अजून."

संपादकांना हा स्वभाव पाठ होता. म्हणून ते चाचांना नेहमी अलीकडची खोटी तारीख सांगत. चाचांनाही संपादक पाठ होते. ते सांगितलेल्या तारखेत आपला आठवडा मिळवत. दोन चुका एकमेकींना रद्द करत आणि लेख दर वर्षी वेळेवर येई. मला ही व्यवस्था गबाळी वाटे, परंतु ती चालत होती हे नाकारता येत नव्हते.

त्या वर्षी निवडणूक आली. प्रेसने प्रचाराची छपाई घेतली आणि आमच्या अंकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकदम छापायच्या पानांचा गठ्ठा, सोमवारी दुपारीच मशीनवर जाणार असे ठरले. संपादकांचा फोन आला. "हा खरा सोमवार आहे. तुम्हीच जाऊन सांगा. माझ्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही."

मी बसने आर्णीला गेले. चाचा उघड्या मोटारीत तांब्याची तार भरत होते. मी तारीख सांगितली आणि कारणही सांगितले.

"तुहा सोमवार का संपादकाचा सोमवार?"

"प्रेसचा सोमवार, चाचा."

बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाने खर्रा चघळत मान हलवली. "मॅडमलेही तयार केलं वाट्टे संपादकानं."

"शिकलेली पोरगी आहे. लवकर शिकते," चाचा म्हणाले. "हे पाय बेटा, अंदा इलेक्शन. मागच्या साली मशीनचा रोलर तुटलता. त्याच्या आंधी संपादकाची सासू मेलती. मंग तेच सासू मले फराळाले भेटली! चकली वाढली तिनं मले!"

दुकान हसले. मलाही हसू आवरले नाही, आणि त्याच क्षणी माझी बाजू संपली. मी संपादकांना फोन लावून चाचांच्या हाती दिला. ते "हो भाऊ, हो भाऊ" म्हणत राहिले, आणि फोन परत देताना त्यांनी मला डोळा मारला. "आज लयच चांगला बोलला. घडीभर मलेही खरं वाटलं." प्रयोगशाळेत पुरावा वाढला की निष्कर्ष पक्का होतो. इथे मी जितका पुरावा देत होते तितका तो रचलेला दिसत होता.

रविवारी मी त्यांचा भाग स्वतः लिहायला बसले. मला सगळे आठवत होते. कागदावर उतरले ते असे: अनेक शेतकऱ्यांनी दुरुस्त केलेल्या मोटारी परत नेल्या नाहीत. वाक्यात एकही चूक नव्हती. मी पेन ठेवून दिले.

सोमवारी यवतमाळला प्रेसमध्ये संपादक आणि मी दाराकडे पाहत बसलो. दुपार उलटू लागल्यावर त्यांनी चाचांच्या पानांवर दिवाळी शुभेच्छांच्या जाहिराती टाकल्या. त्यांत एक बियाणे विकणाऱ्या कृषी केंद्राची होती. मशीन सुरू झाले.

दिवेलागणीला चाचा आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पाने. चेहरा उजळलेला.

"घे. एवढ्या दूर आलती तू, म्हनलं यावेळी पोरीच्या तारखेलेच देऊ. सोमवारच आहे ना आज?"

मी उभ्याउभ्या वाचले. पहिलेच वाक्य होते, 'माझ्या दुकानात आता मोटारी राहतात, मी त्यांच्याकडे कामाला जातो.' मला पुढे वाचवेना. मी मशीनकडे बोट दाखवले.

"गेला फर्मा?"

"दुपारीच गेला, चाचा."

छापून पडणाऱ्या कागदांतला एक त्यांनी उचलून पाहिला. "म्हंजे तू खरं सांगत होती."

"हो."

"मंग ओरडली काहून नाही? भांडली काहून नाही? तू तं असं सांगतलं, जसा कोनी यष्टीचा टाइम सांगते."

खरी गोष्ट सांगायचा दुसरा कोणताही सूर मला येत नव्हता. आजही येत नाही.

संपादक मध्ये पडले. लेख पुढच्या विशेषांकात घेऊ म्हणाले आणि त्यांनी एक तारीख सांगितली. चाचांनी पाने पिशवीत घातली आणि माझ्याकडे पाहिले. ती तारीख खरी होती की नाही, मला माहीत नव्हते.