दोन इंच माया

चाळीस वर्षांच्या धंद्यात मास्तरांनी कुणाचा कपडा बिघडवला नाही आणि कुणाचा वेळेवर दिलाही नाही. पहिल्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. दुसरीबद्दल त्यांचं म्हणणं असं, की घाई गिऱ्हाइकाला असते, सुईला नसते.

दुकान रस्त्याला, घर मागे, मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे मास्तर टेपनं मापं घेत. पलीकडे बायको होती. तिचं माप ते नजरेनंच घेत आले होते. कपड्यांपुरतं ते भागलं.

ओट्याचं भागलं नाही. स्वयंपाकघरातला ओटा मास्तरांच्या आईनं बांधून घेतलेला, आणि ती बाई ताडमाड. सून आली ती सासूच्या काखेपर्यंत. ओटा खाली आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. सूनच टाचा उचलून पीठ मळायला शिकली. पस्तीस वर्षांनी तिच्या उजव्या खांद्यानं संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, ओटा खाली आणा, नाहीतर स्वयंपाक सोडा.

"स्वयंपाकाला बाई ठेवू," माहेरी आलेल्या मुलीनं सुचवलं.

"माझ्या शेगडीपाशी दुसरी बाई? मी गेल्यावर ठेवा. तेव्हासुद्धा विचारून."

तेव्हा गवंड्याला बोलावणं गेलं. त्यानं स्वयंपाकघर एकदा डोळ्यांखालून घातलं आणि निकाल दिला, "चौतीस इंच. सगळीकडे तेवढाच असतो."

"सगळीकडे तेवढाच म्हणजे रेडीमेड," मास्तर म्हणाले. हा शब्द ते इतर लोक शिवी उच्चारतात तसा उच्चारत. "माप मी देतो."

आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी बायकोला टेप लावली, कोपरापासून जमिनीपर्यंत.

"हलू नकोस."

"गिऱ्हाइकांवर असेच खेकसता?"

"गिऱ्हाईक मुकाट उभं राहतं."

"म्हणून पुन्हा येत नसेल."

पस्तीस इंच भरले. मळताना हात कोपराच्या खाली मोकळा राहावा म्हणून साडेचार वजा केले आणि दोन पँटींच्या मापांमधे मास्तरांनी वहीत लिहिलं: ओटा, साडेतीस.

मुलगी आजीवर गेलेली, म्हणजे वरच्या फळीवरचे डबे काढायला तिला स्टूल लागत नसे. "एवढा खाली? उद्या घर विकायचं झालं तर?"

"बुटकं गिऱ्हाईक बघू," मास्तर म्हणाले.

"आणि मी आले की माझी कंबर?"

आई खांदा चोळत होती.

मास्तरांनी गवंड्याला फोन करून आकडा कळवला. दुसऱ्या दिवशी त्यानं येऊन ओट्याशेजारच्या रिकाम्या भिंतीवर खडूनं रेघ मारली. सामान मागवायच्या आधी वहिनींनी बघून घ्यावं, असं त्याचं म्हणणं पडलं. भाजी चिरायची फळी रेघेला लावून गवंडी आणि मास्तर दोन बाजूंनी धरून उभे राहिले. तिनं फळीवर नसलेलं पीठ मळायला घेतलं.

"आई, टाचा," मुलगी म्हणाली.

सगळ्यांनी खाली पाहिलं. टाचा जमिनीवर नव्हत्या.

मास्तरांनी टेप लावली. साडेबत्तीस. "मिस्त्री, दोन इंच कुठून आणलेत?"

"तुमच्याकडून. फोनवर साडेबत्तीसच म्हणालात."

वही आली. वहीत साडेतीस. मास्तर वहीकडे पाहत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. कापड बेतताना शिवणीत दुमडायला जे जादा धरतात त्याला शिंपी माया म्हणतात. अंग सुटलं तर तेवढं उसवून देता येतं. आकडा तोंडातून बाहेर पडताना जिभेनं सवयीनं माया धरली होती.

"दोन इंच माया धरली गेली," ते पुटपुटले.

"मास्तर, दगड काय दुमडून आत घालू?"

"पस्तीस वर्षांत धरली ती पण भिंतीवर," बायको म्हणाली.

मुलीनं संधी साधली. "बघ आई, साडेबत्तीस काही वाईट नाही. मधलं माप. तुलाही चालेल, मलाही."

मास्तरांनी टेप गुंडाळायला घेतली. चुकलेल्या माणसाला मत नसतं.

आईनं गवंड्याच्या हातातला खडू घेतला. चपला काढल्या, दोन्ही टाचा जमिनीला टेकवल्या, हात सैल सोडून कोपरात वाकवला आणि तळव्याखाली स्वतःच रेघ ओढली. जरा वाकडीच आली. गवंड्यानं टेप लावली. "तीस इंच, वर एक दोराभर."

"तेवढाच ठेवा."

"आई, मला वाकावं लागेल."

"वाक. वर्षातून आठ दिवस."

गवंडी वरची रेघ पुसायला लागला. पुसता पुसता खालचीही जरा फिसकटली. तेव्हा तिनं हातोडी आणि दोन खिळे मागवले आणि रेघेच्या दोन्ही टोकांना खिळे पुरते आत जाईपर्यंत ती तिथून हलली नाही. खांदा दुखत होता. पण हातोडी तिच्या हातात नव्हती, मास्तरांच्या होती.