यादीतला पहिला पिक्चर

पौष पौर्णिमा, १९५४. दिघीहून होडीने खाडीपलीकडे आगरदांड्याला, पिक्चर बघायला. हजर: शाळेचे मास्तर, त्यांच्या पत्नी, सदू शिंपी, माझी पत्नी सुमन, शेजारच्या गंगूमावशी आणि मी. होडीवर नथू तांडेल. एकूण सात.

परतलो सहा.

ही हजेरी माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात आहे. तिच्या पुढचं मात्र मी कधी कोणाला सांगितलं नाही — सुमनलाही नाही. बारा वर्षं झाली. आज तुम्हाला सांगतोय, आणि लिहिताना दोनदा उठून दाराकडे बघून आलो.

मला याद्यांची सवय. पाहिलेल्या प्रत्येक पिक्चरची नोंद ठेवतो — तारीख, ठिकाण, गाणी किती, रडलो की नाही. शेवटच्या पानावर आवडत्या दहांची यादी. दर दिवाळीनंतर ती नव्याने लावतो. चौथा पाचव्यावर जातो, एखादा गळतो. पहिला हललेला नाही — आगरदांड्याला त्या दिवशी बघितलेला.

"भाऊ, अजून तोच? लगीनच लावा आता त्याच्यासंगं!" सदू म्हणतो. सगळे हसतात, मीही हसतो. काढून टाकला तर? कोणीतरी विचारील — का काढला? 

त्या दिवशी बंदरालगतच्या वखारीत दुपारचा खेळ होता. खिडक्यांना गोणपाट, मागे इंजिनाची धडधड. बाराचा खेळ एकाला सुरू झाला. पौर्णिमेचं उधाण, दुपारी भरती जोरात उतरते. नथूने मला आधीच बजावलं होतं, "तीनला होडी सुटायला हवी. पिक्चर ऱ्हायला तरी चालंल." मंडळी जमवणारा मी, म्हणून मी दाराशी बसलो. वेळ झाली की सगळ्यांना उठवायचं — काम माझं होतं.

गंगूमावशींचा तो आयुष्यातला पहिलाच पिक्चर. शेवटच्या रिळात हरवलेली बहीण जत्रेत बांगड्या विकत असते, आणि भाऊ तिच्याकडूनच बांगड्या घेतो, मान वर न करता. मावशी उभ्याच राहिल्या. "अरे मेल्या, तुझी भैन हाय ती! वर बघ की!" अख्खी वखार हसली.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. पडद्यावर उजेडाची पट्टी पडली. नथू होता. "भाऊ, पानी उतरलं. उठवा." मी हातानेच सांगितलं — आलोच. दार ओढून घेतलं. आणि मग —

मग मी आतून कडी लावली.

कशासाठी? पडद्यावर पुन्हा उजेड पडू नये म्हणून. भाऊ बहिणीला ओळखतो की नाही, एवढंच मला बघायचं होतं. नथू दार ठोकत राहिला. इंजिनाच्या आवाजात ते दाराशी बसलेल्या माणसालाच ऐकू जात होतं. लाकडाचा प्रत्येक धक्का माझ्या पाठीत बसत होता. मी उठलो नाही. भावाने बहिणीला ओळखलं. मी रडलो. तशी नोंद आहे.

पिक्चर संपून, मंडळी गोळा करून होडी सुटली तेव्हा चार वाजून गेले होते. दिघीच्या धक्क्याला पाणी उरलं नव्हतं, नुसता चिखल. नथूला वळसा घालून खडकांच्या बाजूने लावावी लागली. वारा समोरून. एका लाटेने होडी आडवी झाली. पाचजणांना नथूने ओढून काढलं. मावशी गवसल्या दुसऱ्या दिवशी.

गावातली चार माणसं चौकशीला बसली तेव्हा नथू म्हणाला, "मी दार ठोकलं व्हतं." कोणीतरी हसलं, "सगळं वखारभर मानूस भयरं झालं काय रे? का तूच दारू टाकून आला व्हतास?" मग माझ्याकडे वळून, "भाऊ, तुमी दाराशी व्हता ना? आला का आवाज?"

मी म्हणालो, "नाही. आवाज आला नाही."

नथूने एकदा माझ्याकडे बघितलं. त्याने उतारू न्यायचे नाहीत, असं ठरलं. तेव्हापासून तो दुसऱ्यांची जाळी विणतो. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो वाटेत भेटला की नुसता बाजूला होतो. दारावर कोणी थाप मारली की मी अजून दचकतो. सुमनला वाटतं, माझं काळीज नाजूक आहे.

गेल्या मंगळवारी थाप पडली. नथू होता. धक्क्यावर आता नवी होडी येणार आहे, तिच्यावर तांडेलकीसाठी बंदराच्या साहेबाला अर्ज करायचाय. गावातले सगळे अर्ज मीच लिहितो. त्या दिवशी काय झालं, ते साहेबाने लेखी मागितलंय.

"काय लिहू?" मी विचारलं. 

"तुमाला म्हाईत हाय तेवढंच लिवा, भाऊ. जास्त नको."

मी निरोप ऐकला होता हे त्याला माहीत होतंच, पण म्हणजे कडीचा आवाजही त्याने बाहेरून ऐकला होता. बारा वर्षं त्याला माहीत होतं.

आणखी एक, तेही आजच सांगून टाकतो. तो पिक्चर मी भीतीपोटी पहिल्या नंबरवर ठेवलेला नाही. तो मला अजून तितकाच आवडतो.

या आठवड्याच्या कामांची यादी समोर आहे. छपराची कौलं — झालं. मास्तरांचं पत्र — झालं. सुमनचं औषध — झालं. नथूचा अर्ज: नाव, गाव, वय लिहून झालं. 'दार आतून' इथपर्यंत आलोय. शाई वाळली आहे.